पंच पोचल्याशिवाय कुणी पळू नये

सर्व कोल्हापूरकरांना, आणि ज्यांना कोल्हापूरकर होण्याचं भाग्य लाभलेलं नाही अशा उरलेल्या मानवजातीला, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, दाजीपूरच्या जंगलात मला गव्याने तुडवलं ही बातमी निराधार आहे. मी बेपत्ताही झालो नव्हतो. मी बसलो होतो. गगनबावड्यापासून राधानगरीपर्यंत डोंगराडोंगराने, रानारानातून जी ऐतिहासिक शर्यत झाली, तिच्यात मी ज्या ज्या दगडावर बसलो त्या प्रत्येक दगडाची माहिती द्यायला मी तयार आहे. सध्या पेठेत जो तो या शर्यतीची हकिकत सांगत सुटला आहे, आणि सांगणाऱ्यांतला एकही जण आयुष्यात रंकाळ्याच्या पुढे पायी गेलेला नाही. म्हणून हा खुलासा.

शिवाजी पेठ

टेलिव्हिजन अजून मुंबई-पुण्याच्या पुढे सरकलेला नाही, त्यामुळे आमच्याकडे संध्याकाळी माणसांना एकमेकांशीच भांडावं लागतं. त्या संध्याकाळी चहाच्या हॉटेलात भांडायला विषय नव्हता. तेवढ्यात कुणाचा तरी परदेशातून आलेला जावई म्हणाला की, तिकडे लोक डोंगरातून, जंगलातून पन्नास-पन्नास मैल पळतात.

"मागं काय लागतंय?" हिंदूराव वस्तादांनी विचारलं.

"काही नाही."

"मग पुढं काय ठेवल्यालं असतंय?"

"पितळेचा बिल्ला."

वस्तादांना त्या जावयाची कीव आली. हिंदूराव हे आमच्या वरच्या गल्लीतल्या तालमीचे वस्ताद. छाती दारात मावत नाही, आणि मिशी तर गल्लीची सार्वजनिक मालमत्ता. सकाळी तिला तेल लागल्याशिवाय आमच्याकडे दुकानं उघडत नाहीत.

"ह्ये असलं आमची पोरं न्याहारीच्या आधी करत्यात," ते म्हणाले.

"तुमची पोरं न्याहारीच्या आधी उठली तर की!" शेजारच्या बाकावरून आवाज आला. तो खालच्या गल्लीतल्या तालमीच्या गणपा वस्तादांचा. या दोन तालमींमध्ये अंतर वीस पावलांचं, पण वैर इतकं जुनं की त्याचं कारण दोन्हीकडच्या कुणालाच आठवत नाही. त्यामुळे ते मिटवताही येत नाही.

पुढचं सगळं एका कपाच्या आत घडलं. तुमचा एक, आमचा एक. गगनबावडा ते राधानगरी, जंगलातनं. व्हय? व्हय! आणि हिंदूरावांनी टेबलावर हात आपटला. "हरलो तर मिशी उतरवीन!"

"मीबी!" गणपा गरजले.

आणि हॉटेलातले सगळे कप बशीत परत आले. कारण गणपांचे वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. हिंदूरावांचे आबा मात्र ऐंशी ओलांडून, रोज सकाळी तांब्याभर धारोष्ण दूध पिऊन, सोप्यातल्या बाजेवर खणखणीत जिवंत होते. आमच्याकडे मिशी उतरते ती बाप गेल्यावरच. बाप धडधाकट असताना जो मिशी काढतो, तो बापाला चारचौघांत मसणाची वाट दाखवतो. हे पेठेतल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. फक्त हिंदूरावांना त्या क्षणी ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांनी ते माझ्या भांड्यांच्या दुकानात आले आणि घागरींच्या मागे, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असे बसले.

"तात्या, आबा बोलायचं बंद झाल्यात."

"शिव्या दिल्या?"

"दिल्या असत्या तर पेढं वाटलं असतं. नुसती पाठ फिरवली. ताट ठेवलं की जेवत्यात. दूध दिलं की पित्यात. पर माझ्याकडं बघत न्हाईत."

"मग पैज मागं घ्या की."

मी जणू त्यांना कुस्ती सोडून कॅरम खेळायला सांगितलं होतं. "शब्द हाय, तात्या," ते म्हणाले. "आता जिकायचं. दुसरं काय हातात न्हाय."

शर्यत भरवायला मग दोन्ही तालमी एकत्र बसल्या. सगळी मंडळी कुस्तीच्या मैदानात केस पांढरे केलेली. शर्यत म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं. कुस्तीत पंच आखाड्याच्या मातीच्या हौदात उभा असतो, पैलवानाच्या घामाचा वास येईल इतका जवळ. तेव्हा इथेही पंच जवळच पाहिजे.

"पंच शेवटाला खुर्ची टाकून बसले तर?" मी विचारलं.

"आन् मधी कुणी एसटीत बसला तर?" गणपा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच हिंदूरावांनी त्यांच्या बोलण्याला मान डोलावली.

ठराव असा झाला: पंचाने डोळ्यांनी पाहिलं तेच खरं. वाटेत ठरलेल्या प्रत्येक ठिकाणी पंच पोचल्याशिवाय कुणी पुढे पळायचं नाही. खालच्या तालमीकडून पंच म्हणून दस्तगीरभाई, म्हणजे पेठेतले शिंपी. दोन्हीकडच्या पैलवानांचे लंगोट आणि जांगे तेच शिवतात, त्यामुळे कुणाचं वजन किती वाढलं याची गुप्त माहिती त्यांच्या टेपमध्ये असते. वरच्या तालमीकडून मी. कारण वीस वर्षं मैदानात कर्ण्यावरून कुस्त्यांचं वर्णन करणारा मीच. माझ्या वर्णनात जी चपळाई असते ती माझ्या पायांतही असणार, असा लोकांचा समज. दस्तगीरभाईंना दमा, मला पोट. दोघांनीही होकार दिला. पेठेत नाही म्हणायची पद्धत नाही.

गगनबावडा

धुकं इतकं की जीपमधून उतरलो तेव्हा आपण कुठे आलो हे हलगी कुठे वाजतेय त्यावरून ओळखावं लागलं. एक हलगी वरच्या तालमीची, एक खालच्या तालमीची, आणि दोन्ही एकमेकींना बुडवायच्या प्रयत्नात. समोर कोकण आहे, असं सगळे सांगत होते. मला समोर दस्तगीरभाईही दिसत नव्हते.

आमचा मारुती हा तालमीतला सगळ्यात हलका पैलवान. हलका म्हणजे बाकावर बसला तर बाक मोडत नाही, कुरकुरतो. महिनाभर त्याला दूध, बदाम, तूप आणि मटण यांवर ठेवलं होतं. पळण्याचा सराव करायला वेळच उरला नव्हता. त्यांचा बंडा उंच, सडसडीत; रोज सायकलला दुधाचे कॅन लटकावून नदीपलीकडून पेठेत येणारा. मारुती जे दूध प्यायचा ते बंडाच आणायचा. शर्यतीच्या आधी महिनाभर तो रोज प्रतिस्पर्ध्याला पोसत होता, आणि एकाही दिवशी त्यात पाणी घातलं नाही. एवढा सरळपणा मी अजून दुसऱ्या दूधवाल्यात पाहिलेला नाही.

मी कर्ण्यावरून दोघांची नावं पुकारली. दोघांनी वाकून मातीला हात लावला, माती एकमेकांच्या हाताला लावली, सलामी दिली, आणि सवयीने मारुतीने बंडाच्या मानेवर हात टाकला. बंडाने पायाला पाय लावला. हलग्यांना चेव आला.

"आरं, सोडा की!" दस्तगीरभाई मध्ये पडले. "पळायचंय, पळायचं!"

मारुती ओशाळला. मग दोघं पळाले आणि धुक्यात नाहीसे झाले. त्यांच्या मागोमाग पंच निघाले. शंभर पावलांत हलग्यांचा आवाज मागे पडला आणि पुढे फक्त माझ्या श्वासाचा राहिला.

पहिल्या ठिकाणी, एका मोठ्या जांभळीखाली, दोघं आमची वाट बघत बसले होते. बंडा आधी पोचला होता, बऱ्याच आधी. मारुती नंतर. आम्ही सगळ्यात नंतर, इतके की तोवर दोघांच्या अंगावरचा घाम वाळला होता.

"बंडा आघाडीवर!" मी जाहीर केलं.

"मग मी निघू?" बंडा म्हणाला.

"थांब की. पंचांना पाणी तर पिऊ दे."

मग दोघं बरोबर निघाले.

बोरबेटच्या पुढे, कुठेतरी

दुपारी धुकं फाटलं आणि मग काय दिसलं ते सांगायला मला कर्णा पुरला नसता. कड्याखाली कोकण हिरवं-निळं पसरलेलं, आणि कड्याच्या वर आम्ही, सपाट जांभ्याच्या सड्यावर, जिथे गवताच्या पात्यापलीकडे उंच काही नाही. सडा संपला की पुन्हा रान; त्यात दुपारीही दिवेलागण झाल्यासारखी. झाडाच्या शेंड्यावरून एक शेकरू आमच्या डोक्यावर टरफलं टाकत बराच वेळ आमच्या बरोबर आलं. ते अधूनमधून थांबायचं, कारण आम्ही मागे पडायचो.

"तात्या, ह्ये बी पंचच हाय," दस्तगीरभाई म्हणाले. "आपल्यापेक्षा बरा."

एका धनगरवाड्यावर पोचलो. चार-पाच घरं, कुडाच्या भिंती, दारात म्हशी. एक म्हातारी बाई अंगणात आली. पुढे पोचलेल्या दोन घामाघूम गड्यांकडे, मग लंगडत येणाऱ्या आम्हा दोघांकडे तिने पाहिलं, आणि पदर डोक्यावर घेत हळू आवाजात विचारलं, "कुणाची माती हाय, पावणं?"

रानातून माणूस पळत आला म्हणजे कुणीतरी गेल्याचा सांगावा घेऊन आला, हा इकडचा अनुभव. त्याखेरीज कशाला कोण पळेल?

"मयत न्हाय, मावशी. शर्यत हाय," मी म्हणालो.

"कशापायी?"

"मिशीपायी."

तिने मारुतीच्या मिशीकडे पाहिलं, बंडाच्या मिशीकडे पाहिलं, माझ्या मिशीकडे पाहिलं. मग दस्तगीरभाईंकडे. त्यांना छान पांढरी दाढी आहे, पण वरचा ओठ साफ.

"ह्यांची गेली वाटतं?" तिने कळवळून विचारलं.

सगळ्यात जास्त हसले ते दस्तगीरभाई. हसता हसता दमा उसळला, म्हणून मग तिने आम्हाला बसवलंच.

आमच्या कोल्हापुरात पाहुण्याला जेवायला घालणं ही अर्धी मारामारी असते. तांबडा रस्सा वाढतात, पांढरा रस्सा वाढतात, नको म्हटलं तर हात धरून वाढतात, आणि पाहुणा उठू शकला तर यजमानाची बेअब्रू होते. इथे बाईने नाचणीची भाकरी, कारळ्याची चटणी आणि ताकाचं मडकं समोर ठेवलं आणि ती म्हशीकडे निघून गेली. आग्रह नाही, 'आमच्या ताकासारखं ताक त्रिभुवनात नाही' हे भाषण नाही. मी असा आग्रहाविना जेवायला बसलो की मला अपमान झाल्यासारखं वाटतं. त्या अपमानात मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मारुतीने किती खाल्ल्या ते मी पंच म्हणून पाहिलं, पण माणूस म्हणून सांगणार नाही.

निघताना मी विचारलं, "दाजीपूर किती लांब?"

"पळत गेलासा तर लांब हाय," ती म्हणाली. "सावकाश गेलासा तर सांजंला पोचशीला."

दाजीपूर

पोचलो. सांजेलाच. फॉरेस्टच्या बंगल्याच्या पायऱ्यांवर बसून दस्तगीरभाई आपले पाय दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे बघत होते. मारुती आणि बंडा एकाच घोंगडीवर आडवे झाले होते. दिवसभर एकमेकांच्या शेजारी बसून पंचांची वाट पाहिल्यामुळे त्यांच्यातलं वैर आटत चाललं होतं, आणि मला पेठेची काळजी वाटू लागली होती.

"तात्या," बंडा म्हणाला, "एक इचारू? दर ठिकाणी मी आधी पोचतोय."

"पोचतोस की."

"आन् तुम्ही येस्तवर थांबतोय. मग आम्ही दोघं बरोबरच निघतोय."

"नियम हाय."

"मग आजच्या दिवसाचं काय मोजलं?"

पेठेतली चाळीस जाणती डोकी रात्रभर बसली होती, आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं की या नियमाने शर्यत शेवटच्या टप्प्यापुरतीच उरते. आधीचे सगळे डोंगर, सगळे सडे, सगळं रान हे नुसतंच फुकटचं दमणं.

"काय न्हाय मोजलं," मी म्हणालो.

"मग पळलो कशाला?"

"पेठेच्या इज्जतीसाठी."

बंडाने यावर विचार केला. "इज्जत चालत आली असती तरी जमलं असतं की," तो म्हणाला आणि कुशीवर वळला. मारुती खदखदून हसला. मला तो फितूर झाल्यासारखा वाटला.

मी हसलो नाही, कारण मला हिंदूराव दिसत होते. घागरींच्या मागे बसलेले. उद्या मारुती हरणार हे मला त्या पायऱ्यांवर कळलं होतं. दस्तगीरभाईंनाही कळलं होतं, कारण ते म्हणाले, "आबा बोलाय लागलं का?"

"न्हाय."

"तौबा," ते म्हणाले. आणि त्यांच्या तालमीचा माणूस जिंकणार असूनही त्यांना त्याचा फारसा आनंद झालेला दिसला नाही.

राधानगरी

दुसऱ्या दिवशीचा शेवटचा टप्पा सुरू व्हायच्या आधी दस्तगीरभाईंनी आयुष्यातली सर्वोत्तम कल्पना मांडली. "शेवटाला पंच आधी पोचला पायजे. न्हाईतर निकाल कोण बघणार?" हे इतकं बरोबर होतं की आम्ही रस्त्यावर उभे राहून हिरड्याची पोती घेऊन निघालेला एक ट्रक थांबवला आणि पोत्यांवर चढलो. मागे पंच नाहीत म्हणजे थांबायचंही नाही. दोघं गडी धरणाच्या तळ्याकाठच्या पायवाटेने सुटले. आम्ही वरच्या रस्त्याने, महाराजांसारखे.

एका वळणावर ट्रक थांबला. पुढे रस्त्यावर गवे उभे होते. काळेभोर, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे. त्यांना कसलीही घाई नव्हती.

"हॉर्न वाजवा की!" मी ओरडलो.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली. "हॉर्न त्येंनी वाजवायचा, पावणं. रस्ता त्येंचा हाय."

पोत्यांवर उभं राहिल्यावर खाली तळ्याकाठची पायवाट दिसत होती. तिच्यावर मारुती आणि बंडा, अगदी खांद्याला खांदा लावून पळत होते. कोण पुढे, कोण मागे, काही सांगता येत नव्हतं. मारुतीच्या अंगातलं महिन्याभराचं दूध अखेर कामाला आलं होतं. मग दोघं झाडीआड गेले. गवे अजून विचार करत होते.

"तात्या," दस्तगीरभाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "पंचानं डोळ्यांनी बघितलं त्येच खरं. व्हय न्हवं?"

"ठराव हाय तसा."

"आपण शेवटचं काय बघितलं?"

"खांद्याला खांदा."

"मग झालं," ते म्हणाले आणि पोत्यावर पाय पसरून बसले.

आम्ही राधानगरीच्या स्टँडासमोर उतरलो तेव्हा शर्यत संपून गेली होती. गुलाल उधळून झाला होता, पण फक्त खालच्या तालमीचा. खालची हलगी फुटेस्तोवर वाजत होती, वरची मुकी होती. बंडा लोकांच्या खांद्यावर, आणि मारुती खालून त्याच्या पायांना धरून, न विचारताच, त्याला उचलायला मदत करत होता. एका जीपच्या पुढच्या सीटवर आबा बसले होते, फेटा बांधून, काठी धरून, समोर पाहत. त्यांना कुणी आणलं नव्हतं. पहाटे ते गुपचूप फेटा बांधून जीपमध्ये जाऊन बसले होते आणि उतरायला तयार नव्हते.

मी जीपच्या बॉनेटवर चढलो आणि कर्णा तोंडाला लावला. माझा हा आवाज ऐकला की मैदान सवयीनेच शांत होतं.

"मंडळी! ठराव असा हाय, की पंचानं डोळ्यांनी बघितलं त्येच खरं! पंचांनी शेवटाला बघितलं, तवा दोन्ही गडी खांद्याला खांदा लावून पळत हुते! त्यामुळं ही कुस्ती..."

"शर्यत," दस्तगीरभाई खालून म्हणाले.

"...ही शर्यत बरोबरीत सोडवण्यात येत हाय!"

जे झालं त्याला आरडाओरडा म्हणणं म्हणजे पंचगंगेच्या पुराला ओल म्हणण्यासारखं आहे. "आम्ही बघितलं की!" सगळी खालची गल्ली ओरडली. "पंच कुठं हुता? पोत्यावर?" वरची गल्ली ओरडली, "पंच म्हंजे पंच!" दस्तगीरभाईंना त्यांच्याच तालमीच्या पोरांनी घेरलं. ते दाढी कुरवाळत एवढंच म्हणत राहिले, "म्या न्हाय बघितलं, बाबा. म्या गवं बघितलं." गणपा वस्ताद गर्दीच्या मधोमध उभे होते. त्यांनी आबांकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. पण "जाऊ दे" म्हणायला त्यांची जीभ रेटेना. जिंकलेल्या माणसाला आमच्याकडे तो शब्द शिकवलेलाच नाही.

तेवढ्यात हिंदूराव पुढे आले. त्यांनी हात वर केला. आवाज खाली बसला.

"तात्या, खाली उतर," ते म्हणाले. "म्या बघितलंय. बंडा पुढं हुता. हातभर पुढं."

"वस्ताद, पण पंच..."

"पंच गेला खड्ड्यात. माझं डोळं हाईत की न्हाईत?"

स्टँडाजवळच्या सलूनमधून एक खुर्ची रस्त्यावर आली. मागोमाग सलूनवाला, वस्तरा घेऊन. हिंदूराव खुर्चीत बसले, मान मागे टेकली आणि डोळे मिटले. खालची हलगीसुद्धा थांबली. सलूनवाल्याने मिशीवर साबणाचा फेस लावला; पांढऱ्या फेसाखाली ती दिसेनाशी झाली तेव्हा आमच्या गल्लीतल्या दोघा-तिघांनी तोंड फिरवलं. सलूनवाल्याने वस्तरा पट्ट्यावर घासला, वाकला, आणि वस्तरा मिशीला टेकवला.

जीपमध्ये काठी दाणकन आपटली. इतके दिवस मुक्याने बसलेले आबा उभे राहिले होते, फेटा एका बाजूला कलला होता, आणि ते सगळ्या राधानगरीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले:

"आरं थांब की रं, हिंद्या! आधी मला मरू तरी दे!"